भालकीचा ग्रंथ आणि मुंबईचे अनुदान

१९५६ च्या १ नोव्हेंबरपूर्वी उदगीर आणि भालकी हे एकाच बीदर जिल्ह्याचे तालुके होते. राज्यपुनर्रचनेत उदगीर मुंबई राज्यात गेले व पुढे महाराष्ट्राचे झाले. भालकी म्हैसुरात गेली. त्याच उदगिरात एप्रिल २०२२ मध्ये ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. संमेलनाच्या मांडवात बसावयास अधिवासाचा दाखला लागत नाही. दाखल्याचा प्रश्न उभा राहतो तो ग्रंथप्रकाशनासाठी सरकारी साहाय्य मागावयाचे झाले म्हणजे. आणि त्या क्षणी कालपर्यंत एका जिल्ह्याचे असलेले दोन लेखक परस्परांस परके होतात.

हा प्रश्न किरकोळ आहे असे ज्यांस वाटते त्यांनी आपल्याच गावाकडे पाहावे. हुमनाबादेजवळच्या माणिकनगर संस्थानाने माणिकप्रभूंची पदे जतन केली. संतवाणीच्या पाठीशी संस्थान असते. आजच्या कवीच्या पाठीशी कोण आहे? कोणी शिक्षक पतसंस्थेचे कर्ज काढतो, चार-पाचशे प्रती छापतो, निम्म्या भेट देतो आणि उरलेल्या माळ्यावर टाकतो. ज्यास तेही झेपत नाही तो आपले लेखन लातूरच्या वा पुण्याच्या प्रकाशकाकडे धाडतो. ग्रंथ निघतो खरा. परंतु प्रकाशनस्थळ म्हणून बसवकल्याणचे वा आळंदचे नाव त्यावर येत नाही, आणि येथे एखादी प्रकाशनसंस्था रुजण्याची आशाही त्या टपालाबरोबर निघून जाते.

बंगळूरकडे पाहावे, तर तेथील कन्नड पुस्तक प्राधिकार नावाप्रमाणे कन्नड ग्रंथांसाठी आहे. शेजारच्या कन्नड लेखकास पहिल्या ग्रंथासाठी त्याचे साहाय्य मिळते याचे आम्हांस वैषम्य नाही. तसेच असावयास हवे. त्या राज्याने तुळू, कोंकणी, कोडव, ब्यारी आणि उर्दू यांसाठीही अकादम्या स्थापिल्या. मराठीसाठी तेवढी नाही! नोव्हेंबर २०२० मध्ये, बसवकल्याणची पोटनिवडणूक समोर दिसू लागताच, मराठा समाजासाठी पन्नास कोटींच्या महामंडळाची घोषणा झाली. परंतु ते एका समाजासाठी आहे, कवितासंग्रह छापण्यासाठी त्याचा जन्म झालेला नाही. घटनेचे ३० वे कलम शिक्षणसंस्थांना साहाय्य देताना अल्पसंख्याकांशी भेदभाव करू नये असे बजावते. ग्रंथप्रकाशनाविषयी इतके स्पष्ट शब्द घटनेत नाहीत. २९ वे कलम भाषा जतन करण्याचा हक्क देते; कागदाचे बिल ते भागवीत नाही.

तेव्हा मुंबईकडेच वळावयाचे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाले. नवलेखकांच्या पहिल्या ग्रंथास अनुदान देण्याची त्याची योजना मराठी वाचकांस परिचित आहे. १९९२ पासून राज्य मराठी विकास संस्थाही आहे. २७ डिसेंबर २०२२ रोजी विधिमंडळाने बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकी या शहरांसह ८६५ गावांविषयी एकमुखाने ठराव केला. २०२३ साली महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना याच ८६५ गावांतील लोकांना लागू करण्याचा निर्णय झाला. रुग्णासाठी जो पैसा सीमा ओलांडू शकतो तो ग्रंथासाठी का अडावा? साहित्यविषयक प्रत्येक योजनेच्या नियमांत सीमाभागातील लेखक व प्रकाशनसंस्था पात्र असल्याचे एक स्पष्ट वाक्य असावे, एवढीच आमची मागणी आहे. कारकुनाच्या सदिच्छेवर ही गोष्ट सोडता येणार नाही.

कर्नाटक सरकार यास हरकत घेईल, अशी भीती काहींना वाटते. त्यांनी युरोपकडे पाहावे. १९२० च्या लोकमतानंतर श्लेस्विगचा दक्षिण भाग जर्मनीत राहिला. तेथील डॅनिश भाषिकांच्या शाळा, फ्लेन्सबर्गचे त्यांचे ग्रंथालय आणि त्यांचे दैनिक यांना डेन्मार्कची तिजोरी उघडपणे साहाय्य देते. १९५५ साली दोन्ही सरकारांनी आपापल्या अल्पसंख्याकांच्या हक्कांची जाहीर ग्वाही दिली, आणि बर्लिनवर आभाळ कोसळले नाही. आमचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत हस्तलिखितांनी वाळवीची वाट पाहावी काय?

आता दोन शब्द स्वकीयांस. सरकारदारी अर्ज करणे म्हणजे याचना, असे मानणारे मानी लेखक आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी १८४९ सालचा अर्ज आठवावा. पेशवाईपासून चालत आलेल्या दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथरचनेकडे वळवावा, अशी मागणी लोकहितवादी प्रभृतींनी इंग्रज सरकारकडे केली. पुण्याचा ब्रह्मवृंद खवळला. पण त्या मागणीतूनच पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी आली आणि मराठी लेखकास ग्रंथासाठी सरकारी पारितोषिक मिळू लागले. तो पैसा रयतेचाच होता, आणि आजचाही आहे.

परंतु मानी असणे वेगळे आणि गबाळे असणे वेगळे. आमच्याकडील संस्था १९६० च्या कर्नाटक संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या असतात. मुंबईच्या कचेरीतील डोळ्यांस सवय असते ती १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या प्रमाणपत्राची. कन्नड भाषेतील प्रमाणपत्र तसेच टपालात टाकले, तर ते वाचणार कोण? त्यासोबत साक्षांकित मराठी भाषांतर हवे. छापखान्याचे दरपत्रक हवे, लेखकाचे संमतिपत्र हवे, हस्तलिखिताची स्वच्छ प्रत हवी. ग्रंथास आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक घ्यावा. तो केंद्राच्या राजा राममोहन रॉय यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो. पूर्वी कोठून साहाय्य घेतले असल्यास त्याचे विनियोग प्रमाणपत्र वेळेत द्यावे. ते न देणारी संस्था आपल्यामागून येणाऱ्या चार संस्थांचे दार लावून घेते. अर्ज नामंजूर झाल्यास कारण लेखी मागावे आणि ते कागद जपून ठेवावेत. मुंबईत मंत्र्यांपुढे गाऱ्हाणे घालताना भाषणापेक्षा नामंजुरीची दहा पत्रे अधिक उपयोगी पडतात. आणि ज्या संस्थांनी आजवर हिशेबच ठेवला नाही, त्यांनी निदान येत्या मार्चअखेरचा ताळेबंद तरी सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावा.