बाग उन्हाळ्यात कोण राखणार?

आपल्या कॉलेजात झाडं लावायला माणसं कमी पडत नाहीत. ५ जूनला पर्यावरण दिन, जुलैत वनमहोत्सव. खड्डे तयार असतात, रोपं येतात, फोटो होतात, पुढचं पाऊस बघतो. रोपांची खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते, आणि तोवर आपण आपापली परीक्षा देऊन घरी गेलेले असतो. म्हणून माझं म्हणणं असं, की परसबाग आणि देशी झाडं हा उपक्रम जूनपेक्षा मे महिन्याचा व्हायला हवा. आणि त्यात मराठी मंडळानं पुढे यायला हवं.

मंडळाचा आणि भाजीचा काय संबंध, असं कोणीतरी विचारणारच. लायब्ररीमागच्या वाफ्यातली तांबडी भाजी म्हणजे पुस्तकातला लाल माठ. पहिल्या पावसात आपोआप उगवणारा टाकळा म्हणजे कोकणीतला तायकिळो. शेवग्याला मशिंग, कोकमाला भिरंड, बकुळीला ओंवळ. पण झाडच ओळखता येत नसेल तर दोन्ही नावं नुसती पाठ करायची. कवितेत कुडा आला की आपण ‘एक रानझाड’ असा अर्थ लिहितो, आणि मार्कही मिळतात!

मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात मराठीची थोरवी सांगताना त्यांनी फुलांतल्या मोगरीची उपमा दिली. बाहेरून आलेल्या माणसाला भाषेचं कौतुक करायला इथलंच फूल आठवलं. आपण तर इथलेच. कॅम्पसमधल्या दहा झाडांची नावं आपल्याला सांगता येतील का?

‘देशी’ या शब्दाचा हट्ट मात्र जपूनच धरावा. मिरची आणि काजू दोन्ही पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेकडून आले. तरी काणकोणची खोला मिरची आज गोव्याचीच आहे. २०२० साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं बी राखलं, म्हणून ती आपली झाली. उलट ऑस्ट्रेलियाकडची अकेशिया झटपट वाढते म्हणून माळावर लावली, आणि तिच्या पाचोळ्याखाली दुसरं काही धड उगवत नाही. तेव्हा झाड कुठून आलं यापेक्षा ते शेजाऱ्याला जगू देतं का, आणि त्याला राखायला कोणी आहे का, हे विचारलेलं बरं.

हा प्रश्न फक्त निसर्गप्रेमींचा नाही. चतुर्थीच्या माटोळीला कवंडळ लागतं, सांजांवाच्या कोपेलाला रानफुलं आणि वेली लागतात. माळ सपाट झाला तर दोन्ही घरांचा सण अडतो.

करायचं काय? तीन साध्या गोष्टी. जून-जुलैत कंपाउंडजवळच्या एका कोपऱ्यात गवत कापायचं मशीन फिरवू नये. जे आपसूक येतंय ते येऊ देणं ही पहिली पायरी. दुसरी, पाचोळा जाळू नये. तो रोपांच्या बुडाशी घालावा. आपल्या जांभ्या मातीत पाणी ठरत नाही, पाचोळ्यानं ओल टिकते. तिसरी, भाजीचा एक वाफा न खुडता बियाण्यासाठी सोडावा आणि नव्या रोपांना निदान दोन उन्हाळे पाणी द्यावं.

“माळीमामा आहेत ना!” हे उत्तर मला पटत नाही. अख्ख्या कॅम्पसला माणूस एक, आणि सुट्टी त्यालाही हवी असते. जवळ राहणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा, तेही पाळीनं आलं तरी काम भागेल.

पुढच्या सभेला मी मे महिन्याची यादी आणणार आहे. कवितावाचनाआधी पाच मिनिटं द्या आणि आपापला आठवडा निवडा. पहिला मी घेतलाय, तीन रिकामे आहेत.