मनाचे दुखणेही दुखणेच

पैनगंगेकाठचा बेला हा आदिलाबाद जिल्ह्यातील भाग आज तेलंगणात असला, तरी तेथील कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याची भाषा पुष्कळदा मराठीच. तेथे काय किंवा आपल्या गोमंतकात काय, मधुमेहाची गोळी माणूस चारचौघांत घेतो. मनाचे दुखणे मात्र दडवितो. आठवडेच्या आठवडे झोप न येणे, कशातच गोडी न वाटणे हा दुबळेपणा नव्हे. तो उपचारांनी बरा होणारा आजार असू शकतो. डॉक्टर नसलेले, परंतु प्रशिक्षित समुपदेशक सरकारी आरोग्य केंद्रांत नैराश्यग्रस्तांना सावरू शकतात, हे गोव्यातील ‘मानस’ प्रयोगाने २०१० साली जगाला दाखविले. या अनुभवाचा लाभ बेल्यातील रुग्णालाही त्याच्या मायबोलीत मिळावयास हवा. २०२२ पासून १४४१६ हा सरकारी दूरध्वनी अहोरात्र चालू आहे. मदत मागण्यात कसली आली लाज?