डोंगराला दोष देऊ नका

पावसाळा लागला की जव्हार-मोखाड्याचे रील्स सुरू होतात. दाभोसा धबधबा, धुकं, हिरवेगार डोंगर आणि खाली कॅप्शन : 'मुंबईजवळचा स्वर्ग'. मार्चनंतर याच स्वर्गात टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते. तेव्हा रील येत नाही. तेव्हा ठरलेलं उत्तर येतं : भाग डोंगराळ आहे, दुर्गम आहे, काय करणार?

'डोंगराळ' हा शब्द आता भूगोलाचा राहिलेला नाही. ती सबब झालीये.

भूगोलच बघायचा तर नीट बघू. वैतरणा त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगम पावते, मोखाड्याच्या दऱ्यांतून उतरते आणि विरारच्या पुढे रेल्वेपुलाखालून समुद्राकडे जाते. इथे पाऊस धो धो पडतो. पण उतार तीव्र आणि मातीखाली कातळ. पाणी मुरायच्या आधीच वाहून जातं. नदी खोल दरीत, पाडे वर. म्हणून उन्हाळ्यात विहिरी आटतात. इथवर दोष डोंगराचा, मान्य.

पण याच नदीवर १९५७मध्ये मोडकसागर झालं, १९७३मध्ये अप्पर वैतरणा, आणि २०१४मध्ये शंभर मीटरहून उंच मध्य वैतरणाचं लोकार्पण झालं. बोगदे खोदले, जलवाहिन्या टाकल्या, पाणी पार मुंबईत नेलं. तेव्हा डोंगर आडवा आला नाही.

पाड्यांवर पाणी चढवणं परवडत नाही म्हणतात. मुंबईत तिसाव्या मजल्यावर पाणी चढतं, ते परवडतं का, असं कुणी विचारतं?

त्याच २०१४मध्ये, १ ऑगस्टला, पालघर वेगळा जिल्हा झाला. मुख्यालय जव्हारला हवं ही मागणी होती. झालं ते रेल्वेच्या रुळाजवळ, पालघरला. म्हणजे जिल्हा मुख्यालयातल्या कामासाठी डोंगरातल्या माणसानंच घाट उतरायचा.

मुंबईचे नळ बंद करा, असं कुणीही म्हणत नाहीये. कोट्यवधी लोकांची तहान खरीच आहे. मागणी एवढीच, की धरणाच्या काठावरच्या पाड्यांचा वाटा आधी काढा. पंप बसवा, आणि त्याचं वीजबिल पाणी पिणाऱ्या शहराच्या खात्यातून भरा. हे उपकार नव्हेत, पाण्याचं भाडं आहे.

आणि तोवर त्या भागाला 'मागास' म्हणू नका. ज्याच्या पाण्यावर तुमची सकाळ होते, तो मागास कसा?