मूतखड्याची दुर्बीण: एकदाच की पुन्हा पुन्हा?

वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या घरात जातो. घामावाटे पाणी निघून गेल्याने लघवी कमी व दाट होते, आणि ‘उन्हाळी लागली’ म्हणून अंगावर काढलेले दुखणे कधीकधी मूतखड्याचे निघते. 5 मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआप पडून जातात. मोठा खडा अडकल्यास मात्र दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवली जाते, आणि तेव्हा कुटुंबापुढे एक प्रश्न येऊ शकतो: एकदाच वापरून टाकण्याची दुर्बीण मागवावी, की रुग्णालयाची नेहमीची चालेल?

ही लवचिक दुर्बीण म्हणजे सुमारे 3 मिलिमीटर जाडीची नळी. लघवीच्या मार्गाने ती मूत्राशयात, तेथून मूत्रवाहिनीत आणि पुढे मूत्रपिंडात जाते. तिचे टोक सुमारे 270 अंशांपर्यंत वळते, त्यामुळे खालच्या कप्प्यातील खडाही लेझरने फोडता येतो. पाणी व लेझरची तार जाण्यासाठी तिच्या आत जेमतेम 1.2 मिलिमीटर रुंदीचा मार्ग असतो. स्वच्छतेचा सारा प्रश्न या अरुंद मार्गाचा आहे.

पुन्हा वापरायची दुर्बीण वापरानंतर लगेच धुवावी लागते. नळीला गळती नाही ना हे पाहून आतला मार्ग ब्रशने घासायचा, मग निर्जंतुकीकरण करायचे आणि ती पूर्ण सुकवायची. बहुतेक लवचिक दुर्बिणींना ऑटोक्लेव्हची उष्णता सोसत नाही. म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड प्लाझ्मा, इथिलीन ऑक्साइड वायू किंवा जंतुनाशक रसायने यांचा आधार घ्यावा लागतो. भांडे घासल्यावाचून कल्हई धरत नाही, तसेच येथे आहे: मळ राहिला, तर रसायन जंतूंपर्यंत पोहोचत नाही.

अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने एप्रिल 2021 मध्ये याविषयी डॉक्टरांना सावध केले. 2017 पासूनच्या सुमारे चार वर्षांत पुन्हा वापरल्या जाणाऱ्या मूत्रमार्गाच्या दुर्बिणींशी संबंधित संसर्गाचे वा दूषिततेचे 450 हून अधिक अहवाल तिच्याकडे आले होते.

मग एकदाच वापरायची दुर्बीण निर्धोक म्हणावी काय? आधीच्या रुग्णाचे जंतू तिच्यातून येत नाहीत, हा तिचा मोठा गुण. परंतु रुग्णाच्या स्वतःच्या लघवीत वा खड्यात दडलेले जंतू तिला रोखता येत नाहीत. खडा साफ होण्याच्या प्रमाणातही दोन्ही प्रकारांत मोठा फरक आढळलेला नाही. पर्यावरणाचे म्हणाल, तर 2018 च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दोन्हींचा कार्बनभार दर शस्त्रक्रियेमागे साडेचार किलोच्या आसपास, जवळजवळ सारखाच भरला.

सर्वांत धोक्याचा मार्ग तिसराच: ‘एकदाच’ म्हणून विकलेली दुर्बीण धुऊन पुढच्या रुग्णाला वापरणे. तिची घडण वारंवार धुण्यासाठी केलेलीच नसते. तेव्हा अशा दुर्बिणीचे पैसे बिलात लागणार असतील, तर सीलबंद पाकीट समोर उघडले जाईल काय, तिचा अनुक्रमांक कागदपत्रांत नोंदला जाईल काय, हे नम्रपणे विचारावे. दुर्बीण नेहमीची असेल, तर ती कोणत्या पद्धतीने निर्जंतुक होते व त्याची नोंदवही आहे काय, हे विचारावे. शिस्तीने धुतलेली जुनी दुर्बीण निष्काळजीपणे हाताळलेल्या नव्या दुर्बिणीपेक्षा केव्हाही बरी. महागड्या दुर्बिणीसाठी कर्ज काढण्यापूर्वी एवढी चौकशी अवश्य व्हावी.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे पूर्वरूप 2012 मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाले, त्यांत धुळे होते. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते काय आणि दुर्बिणीचे वेगळे पैसे द्यावे लागतील काय, हे दाखल होण्यापूर्वीच त्याच्याकडून समजून घ्यावे.

शस्त्रक्रियेपूर्वी लघवीची कल्चर तपासणी झालीच पाहिजे. जंतू आढळल्यास आधी उपचार, मग दुर्बीण. आत स्टेंट ठेवला असेल, तर तो काढण्याची तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. विसरलेल्या स्टेंटवर नवे खडे धरतात. आणि घरी आल्यावर थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.