हमीचा कागद आणि पुराव्याची किल्ली

'हमी' हा शब्द आम्हां मराठवाड्यातील लोकांना नवा नाही. १९७२ च्या दुष्काळाने रोजगार हमी घरोघरी नेली. हमीभावाची चर्चा तर दर हंगामात पारापारावर होते. हमी कागदावर मिळणे वेगळे आणि पदरात पडणे वेगळे, हे आपण या अनुभवातून शिकलो. आता त्यात एका नव्या हमीची भर पडली आहे. ती म्हणजे विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या बॅटरीची हमी.

या मोटारीच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा बॅटरीचा असतो. म्हणूनच ग्राहकाचा विश्वास बसावा यासाठी कंपन्या लांब मुदतीची हमी देतात. जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेल्या टाटांच्या नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी होती. आकडा डोळ्यांत भरतो. परंतु अशा हमीपत्रांतील बारीक अक्षरे वाचावीत, म्हणजे अपवादांची रांग दिसते. बाहेरून मार लागला, पाणी शिरले, परक्या कारागिराने हात लावला, वेळेवर तपासणी झाली नाही, की हमी संपली.

जिंतूर तालुक्यातील माझ्या मामांची मोटार तिसऱ्याच वर्षी बॅटरी बिघडून बंद पडली. कंपनीचे नाव येथे घेत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाहीच. कित्येक दिवस गाडी ठेवून घेतल्यावर सेवाकेंद्राने तोंडी सांगितले, "खालून मार लागला आहे, हमीत बसत नाही." मामांनी विचारले, "मार कुठे लागला, केव्हा लागला आणि बॅटरी त्यानेच गेली हे कशावरून?" उत्तर मिळाले, "साहेब, रिपोर्ट अंतर्गत असतो." नकार असा तोंडी होता. दुरुस्तीच्या लाखांच्या खर्चाचा अंदाज मात्र लेखी आणि सही-शिक्क्यानिशी मिळाला!

माझ्या मते खरा वाद येथेच आहे. या बॅटरीला स्वतःची नियंत्रण-यंत्रणा असते. घटांचा दाब, तापमान, चार्जिंग यांवर ती सतत लक्ष ठेवते आणि बिघाडाची नोंद करते. ही नोंद पूर्णपणे उघडण्याची किल्ली कंपनीजवळ असते. म्हणजे तंटा दोघांचा आणि दप्तर मात्र एकाच्याच घरी! अशा स्थितीत "तुमची चूक नव्हती हे तुम्ही सिद्ध करा" असे ग्राहकाला सांगणे कितपत न्याय्य आहे?

कोणी म्हणेल, लोकही काही कमी नसतात. ओढ्याच्या पुरातून गाडी घालायची आणि मग हमीचा कागद पुढे करायचा, असेही घडते. मान्य आहे. अशा नुकसानीचा भार कंपनीने का सोसावा? पण मग नोंद दाखवायला हरकत कोणती? ग्राहक दोषी असेल तर ती नोंदच त्याचे तोंड बंद करील.

आपल्या शेतकऱ्यांनी हा लढा पूर्वीच दिला आहे. सदोष बियाण्याच्या प्रकरणांत 'बियाण्याचा नमुना तपासला नाही' असा बचाव होत असे. परंतु पेरलेले बी परत कोठून आणायचे? २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, शेतकऱ्याने तपासणीसाठी बी राखून ठेवावे अशी अपेक्षा करता येत नाही. नमुना महामंडळाला पुढे आणता आला असता. हाच न्याय बॅटरीच्या नोंदीला का लावू नये?

हमीच्या अटी म्हणजे काही वेदवाक्य नव्हे. अमेरिकेतील ॲरिझोना हा आपल्या परभणीसारखाच कडक उन्हाचा मुलूख. तेथे निस्सान लीफ मोटारींच्या बॅटऱ्यांची क्षमता लवकर घटू लागली, तेव्हा मालक न्यायालयात गेले. २०१२ च्या अखेरीस कंपनीने पाच वर्षे किंवा ६० हजार मैलांपर्यंत क्षमतेचीही हमी जाहीर केली. लोक एकत्र आले, म्हणून अटी बदलल्या.

आपल्याकडे साधने नाहीत असे नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. दहा ते वीस लाखांच्या मोटारीसाठी शुल्क अवघे ४०० रुपये. दोष तपासणीवाचून ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. मामांनी परभणीच्या आयोगात तक्रार केली आहे. त्यांची पहिली मागणी पैशांची नाही, बॅटरीची नोंद सादर करण्याची आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे: हमी नाकारणाऱ्याने कारण लेखी द्यावे, सोबत नोंदीची प्रत द्यावी, आणि ती दिली नाही तर ग्राहकाचा दावा खरा धरावा. हमीपत्र मराठीतही असावे. मित्रहो, आपण कला शाखेचे विद्यार्थी. यंत्र आपल्याला उघडता येणार नाही. पण कागद वाचता येतो, अर्ज लिहिता येतो. आपल्या महाविद्यालयात आठवड्यातून एक तास ग्राहकांचे कागद वाचून देणारे केंद्र सुरू झाले, तर गावोगावच्या कितीतरी माणसांना तोंडी नकारावर मुकाट्याने घरी परतावे लागणार नाही. प्राध्यापकांनी याचा अवश्य विचार करावा.