टाइमशेअर विकायचाय? दलालाला आधी पैसे देऊ नका

हप्ते फिटले तरी टाइमशेअरचे वार्षिक देखभाल शुल्क सुटत नाही. म्हणून तो विकावासा वाटतो. नेमका तेव्हाच फोन येतो : ‘गिऱ्हाईक तयार आहे, आधी नोंदणी शुल्क भरा.’ पैसे भरले की दलाल गायब! टाइमशेअर म्हणजे सातबारा नव्हे. बहुधा तो ठरावीक वर्षांचा वापराचा हक्क असतो. वर्षे सरतात, तशी किंमत उतरते. त्यामुळे स्वतः विकणेच बरे. करारातील हस्तांतराची अट वाचावी, थकबाकी व हस्तांतर शुल्क कंपनीकडून लेखी घ्यावे. दलाल हवाच असेल, तर दलाली व्यवहार पूर्ण झाल्यावरच द्यावी.

फसवणूक झालीच, तर देऊळघाटच्या ग्राहकाला मुंबई गाठावी लागत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बुलडाण्याच्या जिल्हा आयोगातच तक्रार करता येते. ग्राहक हेल्पलाइन १९१५. ऑनलाइन पैसे गेले तर तातडीने १९३०.