तळाशी ठेवलेला पंप

डिसेंबर उजाडला की शाळेच्या सहली सुरू होतात आणि घरोघरी सॅक भरल्या जातात. बहुतेक घरांत हे काम अम्मीच करते. तिचा एक ठरलेला नियम असतो. जी वस्तू सगळ्यांत मोलाची, ती सगळ्यांत खाली, कपड्यात गुंडाळून. पेटीत दागिने ठेवावेत तशी. घरात हे बरोबरच आहे. डोंगरावर हा नियम उलटा करावा लागतो, हे आम्ही कळसूबाईच्या वाटेवर शिकलो.

कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. नववीची मुले घेऊन आम्ही बारी गावातून सकाळी चढायला लागलो. एका लोखंडी शिडीच्या वर, अरुंद जागी, एक मुलगी थांबली. चढाचा दम असेल असे आधी वाटले. मग तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज ऐकू आला. "पंप कुठे आहे बेटा?" तिला बोलता येईना. तिने नुसते पाठीकडे बोट केले.

सॅक उघडली. वर मखमली जानमाज. त्याखाली चार जणांना पुरेल एवढ्या बिर्याणीचा डबा, मग स्वेटर, टॉवेल, जादा कपड्यांचा जोड. डबा हातातून निसटला आणि उतारावरून खणखणत गेला. पंप अगदी तळाशी होता, दुपट्ट्यात गुंडाळलेला, आत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीला दोन गाठी. गाठी सुटेनात, शेवटी दातांनी फाडली. पंप घेतल्यावर काही वेळाने श्वास सुटला, अल्हम्दुलिल्लाह. तो काही वेळ मात्र आम्ही विसरलेलो नाही.

अम्मीला काय बोलायचे? तिने जपूनच ठेवला होता. संमतीपत्रात दम्याची नोंदही केली होती. ते पत्र आम्हीच वाचले आणि फाइलला लावले. निघताना सॅक उघडून पाहायचे कोणालाच सुचले नाही.

तेव्हापासून सहलीच्या आदल्या दिवशी आम्ही वर्गात सॅक भरून घेतो आणि डोळे मिटायला सांगतो. पंप, टॉर्च, शिट्टी, पाणी यांतली एकेक वस्तू दहा अंक मोजेपर्यंत हाताला लागली पाहिजे. मुलांना हा खेळ फार आवडतो.

भरताना कपडे तळाशी घालावेत, कारण ते मुक्कामापर्यंत लागत नाहीत. डब्यासारखे जड सामान मधोमध, पाठीला चिकटून ठेवावे. ते बाहेरच्या बाजूला गेले की सॅक मागे ओढते आणि शिडीवर तोल जातो. वरच्या कप्प्यात टॉर्च, मलमपट्टी, ओआरएसची पुडी. टॉर्च सॅकमध्ये दाबली जाऊन पेटते आणि गरजेच्या वेळी विझलेली निघते; म्हणून एक सेल उलटा घालून ठेवावा. बाटल्या दोन्ही बाजूंच्या जाळीत, एकेक. स्वतःचा हात तिथे पोचत नसेल तर मागून येणाऱ्याने काढून द्यावी. बाहेर लोंबते काहीच नको, शिडीच्या कठड्यात अडकते.

पंप मात्र सॅकमध्ये नकोच. तो कमरेच्या पाऊचमध्ये, टोपण लावून, उन्हात तापणार नाही असा. शक्य असल्यास दुसरा शिक्षकांकडे द्यावा, आणि सोबत चालणाऱ्या मैत्रिणीलाही जागा माहीत असावी.

जानमाजचा प्रश्न नाजूक आहे. ती कपड्यांखाली, बुटांजवळ कोणी ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. पण जाड मखमलीऐवजी पातळ सुती कापड घेतले तर घडी वरच्या कप्प्यात बसते आणि खालचे काही अडत नाही. पाक जमिनीवर तर कापडाशिवायही नमाज होते. वुजूसाठी वेगळ्या बाटल्या देणारी घरेही आहेत. जवळचे पाणी जेमतेम पिण्यापुरतेच असेल तेव्हा तयम्मुमची सवलत आहे, ती मुलांना घरीच शिकवून ठेवावी.

वजनाचाही विचार हवा. २०२० च्या धोरणात दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे असे म्हटले आहे. सहलीलाही आम्ही तेच माप धरतो. चाळीस किलोच्या मुलाला चार किलो. त्यात दोन लिटर पाण्याचेच दोन किलो गेले. आता बिर्याणी किती द्यायची ते घरच्यांनी ठरवावे. (आम्हाला वाटून खायला मिळते, त्यामुळे आमचे मत निःपक्ष नाही.)

ती मुलगी यंदा दहावीत आहे आणि सहलीला तिने सर्वांत आधी नाव दिले. परवा तिची अम्मी कुर्ता घेऊन शाळेत आली. पंपासाठी तिने आतून खिसा शिवला होता. आम्ही म्हटले, आतून नको, बाहेरून शिवा. "आणि पडला तर?" तिने विचारले. दोन दिवसांनी खिसा बाहेर आला होता, वर एकच मोठे बटण. मुलीने ते आमच्यासमोर डाव्या हाताने उघडून दाखवले.